पावसाआधीचं काम: गडचिरोलीसारख्या भागात हिवताप निर्मूलनाला हातभार कसा लावायचा

ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात हिवतापाच्या बातम्या झळकल्या की मदतीचे हात पुढे येतात. कोणी मच्छरदाण्या देतं, कोणी धुराचं मशीन घेऊन गावभर फिरतं. धुराचा फोटो चांगला येतो, एवढाच त्याचा खात्रीचा फायदा. गडचिरोलीत हिवताप पसरवणारे ॲनोफेलिस डास रात्री घरात किंवा गोठ्यात चावतात. संध्याकाळी रस्त्यावर सोडलेला धूर तासाभरात विरतो, आणि नंतर बाहेर पडलेल्या डासाला त्याचं काहीच नसतं. धुराचा उपयोग साथीच्या वेळी, तोही मर्यादित.

हिवतापाचं खरं काम जानेवारी ते जून या काळात होतं आणि त्यातलं बरंचसं वहीत होतं. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, ग्रामसभेचे तरुण कार्यकर्ते, बाहेरून येणाऱ्या छोट्या संस्था यांच्यासाठी हा लेख आहे. आरोग्य सेवक आणि आशाताईंना यातलं बरंच ठाऊक असतं. त्यांच्या कामाला कुठे हातभार लावायचा, ते इतरांना कळावं हा हेतू.

पार्श्वभूमी थोडक्यात. महाराष्ट्रातला हिवताप मुख्यतः दोन टोकांना आहे: मुंबई आणि गडचिरोली. हिवतापाच्या परजीवीचे मुख्य प्रकार दोन, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. मुंबईत बहुतेक व्हायवॅक्स, आणि डास टाकीतल्या पाण्यात वाढणारा. गडचिरोलीत जीव घेणारा फाल्सिपेरम, आणि डास भातखाचरात, ओढ्याच्या डबक्यात वाढणारा. देशाचं उद्दिष्ट आहे २०२७पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे आणि २०३०पर्यंत निर्मूलन. जागतिक आरोग्य संघटना एखाद्या देशाला हिवतापमुक्त म्हणते ते सलग तीन वर्षं एकही स्थानिक रुग्ण नसेल तरच.

आधी गावाचे आकडे काढा

जानेवारी-फेब्रुवारीत उपकेंद्रात जाऊन मागच्या तीन वर्षांचे दोन आकडे मागा. पहिला, वर्षात हजार लोकांमागे किती रुग्ण सापडले. याला खात्यात एपीआय म्हणतात. दुसरा, वर्षात शंभर लोकांमागे किती जणांचं रक्त तपासलं. हा दुसरा आकडा किमान दहा असावा अशी अपेक्षा आहे. समजा, पाचशे वस्तीचं गाव आहे आणि वर्षात चार रुग्ण सापडले. एपीआय झाला आठ, म्हणजे गाव जोखमीचं. राज्याचा किंवा जिल्ह्याचा एपीआय एकच्या खाली आला की तो निर्मूलनाच्या पुढच्या टप्प्यात धरला जातो. त्यावरून हा आठ किती मोठा ते कळेल.

आता शेजारच्या गावात शून्य रुग्ण दिसले तर लगेच खूश होऊ नका. तिथे वर्षभरात रक्त किती जणांचं तपासलं ते बघा. पाचशे वस्तीत नऊच तपासण्या झाल्या असतील, तर तिथे हिवताप नाही असं म्हणता येत नाही. तिथे कोणी शोधलाच नाही. तपासण्या कोणत्या महिन्यात झाल्या हेही पाहा. उन्हाळ्यात भरपूर आणि जुलै ते नोव्हेंबर कोरडं, असं असेल तर तो दहाचा आकडा फसवा आहे. माझ्या मते कागदावर शून्य दाखवणारं, पण तपासणी न करणारं गाव, चाळीस रुग्ण दाखवणाऱ्या गावापेक्षा जास्त धोक्याचं.

मग एका मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढा. घरं, टोले (छोट्या वस्त्या), गोठे, ओढा, बोडी (लहान तळं), हातपंप, आश्रमशाळा, शेतातल्या झोपड्या. मागच्या वर्षीच्या प्रत्येक रुग्णाच्या घरावर लाल टिंब द्या. टिंबं बहुधा एका बाजूला गोळा होतात, बऱ्याचदा ओढ्याच्या काठच्या टोल्यावर. पुढचं सगळं काम तिथून सुरू करा.

ताप ते थेंब: चोवीस तास

एवढी एकच गोष्ट जमली तरी गावाचं चित्र बदलेल: ताप आल्यापासून चोवीस तासांच्या आत रक्ततपासणी आणि त्याच दिवशी औषध. कारण असं. डासाला लागू होणारं फाल्सिपेरमचं रूप रुग्णाच्या रक्तात ताप सुरू झाल्यानंतर साधारण आठवडा-दहा दिवसांनी दिसू लागतं. त्याच्या आत औषध पडलं तर रुग्ण वाचतो, आणि त्याला चावलेला डास दुसऱ्या कुणाला आजार देऊ शकत नाही. दहा दिवस उशीर झाला, तर मग फवारणी, जाळ्या, गप्पी मासे सगळं करूनही आपण मागेच राहतो.

तपासणी दोन प्रकारची. काचपट्टीवर रक्तनमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचा, किंवा आरडीके म्हणजे झटपट तपासणीचं किट वापरायचं. ज्या गावाची काचपट्टी जाऊन निकाल चोवीस तासांत परत येत नाही, तिथे किटच हवं. किटची एकेक पायरी नीट बघून शिका. पाकीट वापरायच्या क्षणीच फोडायचं. मुदत आणि आतली ओलावा शोषणारी पुडी तपासायची. डाव्या हाताची अनामिका पुसून सुकू द्यायची; ओल्या स्पिरिटवर टोचलं तर रक्त पसरतं आणि नमुना बिघडतो. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, पहिला थेंब कापसाने पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा. रक्त एका खाचेत, द्रावण दुसऱ्या खाचेत. थेंब किती ते किटच्या कागदावर असतं तेवढेच. मग घड्याळ लावायचं. पंधरा ते वीस मिनिटांनी वाचायचं. नियंत्रणाची रेघ उमटली नाही तर किट वाया गेलं समजून नवीन घ्यायचं. आणि पुसटशी रेघ ही रेघच. 'अगदी हलकी आहे' म्हणून रुग्णाला निगेटिव्ह ठरवू नका.

किट साठवण्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ते तीस अंशांच्या वर ठेवायचं नसतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. पत्र्याच्या घरात, छपराजवळच्या फळीवर ठेवलेलं खोकं पावसाळ्यात चुकीचे निकाल देऊ शकतं. मातीच्या घरातल्या खालच्या थंड कोपऱ्यात, माठाच्या शेजारी पण ओल लागणार नाही असं ठेवा. ग्रामपंचायतीने थंड जागा मिळवून दिली तरी मोठं काम झालं.

आणखी एक. फाल्सिपेरम बरा झाल्यावरही किट काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतं, कारण ते परजीवीचं उरलेलं प्रथिन पकडतं. महिन्याभरात त्याच माणसाला पुन्हा ताप आला तर किटवर विसंबू नका, काचपट्टी काढा.

आता चोवीस तासांच्या आड येणारी खरी अडचण. ताप आला की पुष्कळ घरांत पहिली हाक पुजाऱ्याला, म्हणजे गावात झाडफूक करणाऱ्याला, जाते. त्यावर चिडणारे, भाषणं देणारे कार्यकर्ते मी पाहिलेत. त्यांच्यापासून गाव सावध होतं, एवढंच. पुजाऱ्याला बाजूला करू नका, साखळीत घ्या. 'तुमचं तुम्ही करा, पण अंग तापलेलं माणूस आलं की त्याच वेळी आशाताईकडेही पाठवा' एवढी एकच मागणी करा, ग्रामसभेत सगळ्यांसमोर. मान दिला की बहुतेक जण ऐकतात. बोलणी माडियात किंवा गोंडीत व्हायला हवीत. स्वतःला येत नसेल तर गावातला बोलणारा माणूस सोबत घ्या आणि आपण गप्प बसा. बोगस डॉक्टरांचा प्रश्न वेगळा. ते अर्धवट औषध देतात, ताप उतरतो, परजीवी रक्तात राहतो. त्यांची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

गोळ्या शेवटपर्यंत

व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. फाल्सिपेरमला तीन दिवस एसीटी, म्हणजे आर्टिमिसिनिन गटाचं संयुक्त औषध, आणि त्यासोबत प्रायमाक्विनचा एकच डोस, दुसऱ्या दिवशी. मात्रा वयानुसार ठरते, तक्ता आशाताईकडे असतो. अंदाजाने गोळ्या मोडून देऊ नका. रिकाम्या पोटी देऊ नका. गोळी लगेच उलटून पडली तर पुन्हा द्यायची, दुसऱ्यांदाही पडली तर थेट दवाखाना.

चौदा दिवस हीच खरी कसोटी. तिसऱ्या दिवशी माणूस बरा होतो आणि अकरा दिवसांच्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. पण व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. नव्याने डास चावायचीही गरज नसते. मदत करू इच्छिणाऱ्यांनी इथे हात लावावा. प्रत्येक रुग्णामागे एक शेजारी ठरवा, शक्यतो शाळेत जाणारी थोरली मुलगी किंवा बचत गटातली बाई. तिच्याकडे चौदा चौकटींचं कार्ड द्या. गोळी समोर गिळली की फुली. यासाठी पैसा लागत नाही, पाठपुरावा लागतो.

प्रायमाक्विन देताना सावधगिरी हवीच. गर्भवती, वर्षाच्या आतलं बाळ, तान्ह्याला पाजणारी आई यांचा निर्णय डॉक्टरांचा. आदिवासी भागात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेले लोक आढळतात. त्यांच्यात या गोळीने लाल पेशी फुटतात. लघवी काळपट, काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, एकदम अशक्तपणा आला तर गोळी तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. हे पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगून ठेवा.

खाटेवरून गाडीपर्यंत

बेशुद्धी किंवा गुंगी, झटके, धाप, सतत उलट्या, पांढरंफटक पडलेलं मूल, काळी लघवी. यातलं एकही लक्षण दिसलं की गावात उपचार करत बसायचं नाही. गंभीर हिवतापाला आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागतं, आणि तास मोजून लागतं.

भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, दरवर्षीचं आहे. नाल्यापलीकडच्या कित्येक गावांची हीच गत. म्हणून मेमध्ये बसून लिहून ठेवा: नाला भरल्यावर रुग्ण कोणत्या वाटेने न्यायचा, खाट कोण उचलणार, पलीकडे गाडी कोण आणणार, डोंगा कोणाचा, मोबाइलचं नेटवर्क कोणत्या टेकडीवर मिळतं. नाल्यामुळे तुटणाऱ्या गावात औषधाचा चार महिन्यांचा साठा आहे की नाही, हेही पाऊस पडण्याआधी तपासा. गर्भवतींना आठव्या-नवव्या महिन्यात रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे किंवा माहेरघरात (आरोग्य केंद्राजवळ प्रसूतीआधी राहायची सोय) हलवायचं नियोजन करतातच, त्याच यादीला ही जोडा.

घरफवारणी: दार उघडं ठेवायला लावणं

फवारणीपथक खात्याचं असतं, पण ते आल्यावर लोक निम्म्या खोल्या बंद ठेवतात. देवघर, धान्याची कोठी, सासू निजते ती खोली. भिंतींवर औषधाचा थर असतो, डास चावल्यानंतर किंवा आधी भिंतीवर टेकतो तेव्हा मरतो. त्यामुळे निम्मं घर फवारलं तर डास उरलेल्या निम्म्यात टेकतो. पंचाऐंशी टक्के खोल्या तरी व्हायला हव्यात. गोठे सोडू नका. क्युलिसिफेसिस हा आपल्याकडचा मुख्य डास जनावरांपाशी रमतो.

तारीख आठ दिवस आधी दवंडी देऊन कळवा. भांडी, अन्न, वैरण बाहेर काढायला माणसं द्या, म्हाताऱ्यांच्या घरी विशेषतः. फवारल्यावर अडीच-तीन महिने भिंत सारवायची नाही. लग्न, पोळा, दिवाळी यांच्या आसपास सारवण होतंच, तेव्हा फवारणी आणि सारवण यांची तारीख जुळवून घ्यायची, सण थांबवायचा नाही. आणि पंप ओढ्यात धुवू देऊ नका. पायरेथ्रॉइड माशांना विष आहे, आणि ओढ्यातला मासा हे इथलं जेवण आहे.

मच्छरदाणी वाटणं सोपं, टांगणं अवघड

दोन माणसांमागे एक कीटकनाशकभारित जाळी, हे माप. पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत टांगून ठेवायची, मग वापरायची. साध्या साबणाने, दगडावर न आपटता धुवायची, उन्हात वाळवायची नाही. औषधाचा असर साधारण तीन वर्षं. जाळीने मासे धरतात हे खरं आहे; नवी जाळी देताना जुनी परत घेतली की हा प्रकार बराच कमी होतो.

वाटप झाल्यावर महिन्याने रात्री नऊनंतर गावात एक फेरी मारा, गावच्याच माणसासोबत आणि परवानगीने. किती जाळ्या टांगलेल्या आहेत ते मोजा. जाळी पेटीत असेल तर का, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर अगदी व्यवहारी असतं: अंगणात खाट टाकून झोपतो, वर बांधायला काही नाही. मग बांबूच्या चार काठ्या खाटेच्या पायांना बांधून द्या. प्रश्न संपला. शेतात राखणीला जाणाऱ्यासाठी एक वेगळी जाळी लागते. घरातली जाळी त्याने नेली की पोरं उघडी पडतात.

पाण्यात काय जमेल

भाताचं खाचर कोरडं करता येत नाही, तसा हट्टही धरू नका. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या पात्रात जी स्थिर डबकी राहतात ती मोकळी करणं, हातपंपाजवळचं सांडपाणी शोषखड्ड्यात घेणं, बांधकामाचे खड्डे बुजवणं हे जमतं. ॲनोफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. डेंग्यूच्या आणि गटारातल्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून लटकतात. पांढऱ्या डावात पाणी घेऊन शाळेतल्या मुलांना हे एकदा दाखवा. मुलं दोन दिवसांत गावातली सगळी डबकी शोधून काढतात. गप्पी मासे वापरात नसलेल्या विहिरीत, टाक्यांत, बंदिस्त हौदांत सोडा. नदीत किंवा वाहत्या ओढ्यात नको, तो परका मासा आहे.

मुंबई-पुण्यात राहून मदत करू पाहणाऱ्यांचं काम मात्र बहुतांशी पाण्याचंच. तिथला स्टिफेन्सी डास गच्चीवरच्या उघड्या टाकीत आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात वाढतो. टाकीला घट्ट झाकण, आठवड्यातून एक कोरडा दिवस, आणि सोसायटी ऐकत नसेल तर पालिकेच्या कीटकनाशक विभागाला कळवायचं. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३८१खाली नोटीस निघते.

लक्षणं नसलेले रुग्ण आणि ये-जा

सतत डास चावणाऱ्या भागात पुष्कळांच्या रक्तात परजीवी असतो, पण ताप नसतो. छत्तीसगडने २०२०मध्ये बस्तर विभागात घरोघरी सरसकट तपासणी सुरू केली, ओडिशाने त्याआधी दुर्गम पाड्यांवर 'दमन' योजनेत तेच केलं, ते याचसाठी. एटापल्ली, भामरागड, कोरची, धानोरा यांची हद्द त्याच जंगलाला लागून आहे. बाजार पलीकडे, सोयरीक पलीकडे. सीमेवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी आठवड्याला रुग्णांच्या गावांची यादी एकमेकांना दिली तर निम्मा शोध वाचेल. ग्रामसभेने तसा ठराव करून जिल्हा हिवताप अधिकाऱ्याकडे पाठवावा.

तीन जागी ठरवून तपासणी लावा. जूनअखेर आश्रमशाळा उघडते तेव्हा सगळ्या मुलांची, कारण सुट्टीत ती पाड्यापाड्यांतून आलेली असतात आणि पुढे एका खोलीत झोपतात. तेलंगणात मिरची तोडणीला गेलेले मजूर परततात तेव्हा. आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, जिथे लोक जंगलातच मुक्कामाला असतात. खाणी आणि रस्त्यांच्या कंत्राटदाराकडून मजुरांची यादी मागून घ्या. गोव्यात बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड काढावं लागतं, त्याआधी रक्त तपासलं जातं. आपल्या ग्रामपंचायतीला परवानगी देताना अशी अट घालायला कोण अडवतं?

पैशांचं विचाराल तर पेसा (आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा) लागू असलेल्या गावांना मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीत आरोग्य आणि स्वच्छता हा विषय बसतो. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचाही थोडा निधी असतो. शोषखड्डे, बांबू, किटसाठी थंड पेटी, नाल्यावरचा डोंगा एवढं त्यातून निघतं.

रुग्ण कमी झाल्यावर

इथेच घात होतो. भारतात १९६५च्या सुमारास हिवतापाचे रुग्ण एक लाखावर आले होते. १९७६मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. श्रीलंकेत १९६३मध्ये देशभरात फक्त सतरा रुग्ण होते, पाचच वर्षांत पुन्हा लाखोंची साथ आली. तोच देश २०१६मध्ये हिवतापमुक्त ठरला, कारण दुसऱ्या वेळी त्यांनी शेवटच्या काही रुग्णांनाच सगळ्यात जास्त वेळ दिला.

गावात वर्षाला दोन-चारच रुग्ण राहिले की पद्धत बदला. चीनने वापरलेलं १-३-७ हे वेळापत्रक धरा: एका दिवसात नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत आजूबाजूची कारवाई. चौकशीत पहिला प्रश्न, मागचे तीन आठवडे हा माणूस कुठे झोपत होता? बाहेरून आणला असेल तर तिकडच्या केंद्राला कळवायचं. गावातच लागला असेल तर त्या घराभोवतीच्या सगळ्या घरांतली माणसं, ताप असो-नसो, तपासायची; जाळ्या बघायच्या, गोठा फवारायचा, जवळचं डबकं शोधायचं. खासगी दवाखान्यात सापडलेला रुग्णही याच वहीत आला पाहिजे, नाहीतर साखळी तिथेच तुटते.

आणि रुग्ण शून्य झाले तरी ताप असलेल्याची तपासणी चालूच राहील, असा ठराव जानेवारीच्या ग्रामसभेत घ्या. त्याच सभेत मागच्या वर्षाचे तपासण्यांचे महिनावार आकडे वाचून दाखवायला आरोग्य सेवकाला बोलवा. जुलै ते नोव्हेंबरचे रकाने रिकामे असतील, तर कोणत्या टोल्यावर आशाताई नाही, कुठली जागा रिकामी आहे, किट कधी संपले होते हे तिथल्या तिथे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.